घरातली प्रार्थना आणि दारातली माणसं

परवा रविवारची उपासना आटोपून बाहेर पडत होते, तर चर्चच्या पायऱ्यांवर एका तरुण सूनबाईनं मला गाठलं. एक मूल कडेवर, दुसरं ओढणी ओढतंय. म्हणाली, "काकू, मुलांना धर्माचं वळण लावायला सुरुवात कुठून करू हो? बायबलमधल्या गोष्टींचं एखादं चांगलं पुस्तक सुचवा ना."

मी पुस्तक सुचवलं. ती आभार मानून गेली. पण घरी येऊन कुकर लावताना मला चैन पडेना. तिनं विचारलं होतं वळणाचं आणि मी सांगितलं होतं पुस्तकाचं! खरं उत्तर द्यायचं तर मला माझीच एक लाजिरवाणी हकीकत सांगावी लागली असती, आणि ती काही उभ्याउभ्या सांगण्यासारखी नव्हती. म्हणून इथं सांगते. ज्यांच्या घरी येशूचं नाव घेतलं जात नाही, त्यांनीही वाचायला हरकत नाही. दिवेलागणीला तुमच्याकडे शुभंकरोती होत असेल, आमच्याकडे प्रभूची प्रार्थना होते. मुलांचे डोळे मात्र दोन्ही घरांत सारखेच टकमक पाहत असतात.

आम्ही नगरचे. (गावाचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालंय, पण आम्हा जुन्यांच्या तोंडी अजून नगरच बसलंय.) अमेरिकन मराठी मिशन इथं १८३१ साली आलं. तेव्हा इथली ख्रिस्ती घरं काही कालपरवाची नव्हेत. आमच्या घरीही सासऱ्यांपासूनचा शिरस्ता असा, की संध्याकाळी सतरंजी अंथरायची, 'उपासना संगीता'तलं एक गीत म्हणायचं, पवित्र शास्त्रातला लहानसा भाग वाचायचा, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. मुलांना ती तोंडपाठ होती. मला वाटे, झालं आपलं काम!

१९९६ सालचा नोव्हेंबर. चर्चमध्ये सुगीचा सण तोंडावर आला होता. त्या दिवशी आम्ही आपापल्या ऐपतीप्रमाणे उपकारस्तुतीचं दान देतो. कुणी धान्य आणतं, कुणी कोंबडी, कुणी फळं, तर कुणी पाकिटात पैसे. मी घरखर्चातून वाचवून पाचशेची एक नोट बाजूला काढली होती. आमचे हे शाळामास्तर. त्या काळी पाचशे म्हणजे आम्हाला लहान रक्कम नव्हती.

मंगळवारी बघते तर कपाटात नोट नाही.

आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई येत. सहा वर्षं येत होत्या. मुलं त्यांना मावशी म्हणत. त्यांची मुलगी शाळेतून परस्पर आमच्याकडे येई आणि ओट्यावर बसून माझ्या मुलाबरोबर गृहपाठ करी. मी काय केलं असेल? कपाट पुन्हा एकदा नीट पाहिलं? ह्यांना विचारलं? छे! सरळ मोरीच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, कपाटातली नोट कुणी घेतली असेल तर आत्ताच सांगा, मी काही बोलणार नाही."

"काही बोलणार नाही" म्हणताना सगळं बोलून झालं होतं. दोन्ही मुलं ओट्यावर होती. बाईंनी हातातलं पातेलं विसळून पालथं घातलं, हात पुसले, मुलीचं दप्तर उचललं आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. मी शेजारीपाजारी म्हणालेसुद्धा, "बघा, येत नाहीत, म्हणजे समजा!"

रविवारी सुगीच्या सणाचं गीत काढायला 'उपासना संगीत' उघडलं, तर त्या पानातच नोट! मीच खुणेला ठेवली होती. मुलगा शेजारी बसला होता. त्यानं नोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आठ वर्षांचं पोर, काही बोललं नाही.

आता खरी लाज पुढे आहे. नोट सापडल्यावर मी लगेच धावत गेले असेन असं तुम्हाला वाटेल. नाही. मी चार दिवस गप्प बसले. मनात हिशेब चालला होता, की नाताळ जवळ आलाय, बाईंना चांगलंसं लुगडं घेऊ, पगारात थोडी वाढ देऊ, निरोप पाठवू. म्हणजे न बोलता मिटेल. आपल्या बायकांना हे फार सुचतं, नाही? चूक कबूल करण्यापेक्षा लुगडं स्वस्त पडतं.

गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना चालू होती. अपराधांची क्षमा मागायची जी ओळ आहे, तिथं आले आणि मुलाचा आवाज थांबला. मी डोळे उघडले. तो माझ्याकडेच बघत होता. म्हणाला, "आई, आपण मावशींना चोर म्हटलं, ते देवाला सांगायचं की मावशींना?"

ह्यांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "चपला घाल."

सीना नदीपलीकडे त्यांची वस्ती. अंधार पडला होता. मुलाचा हात धरून गेले. मी उंबऱ्यातच सांगितलं, नोट माझ्याच पुस्तकात होती, चूक माझी, मला क्षमा करा. बाई जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पैशाचं काय न्हाई ताई. पर तुमच्या पोराम्होरं अन् माझ्या पोरीम्होरं म्हनलात." आणि आत जाऊन त्यांनी चहा टाकला. आम्ही तो बसून घेतला. कामावर मात्र त्या परत आल्या नाहीत. दुसरं घर त्यांनी धरलं होतं, आणि मी आग्रह करणार तरी कोणत्या तोंडानं? शेजारी जे बोलले होते, तेही घरोघर जाऊन मागे घ्यावं लागलं. ते अधिक जड गेलं, कारण ऐकणाऱ्यांना त्यात काही रस नव्हता! चोरीची बातमी सगळ्यांना हवी असते, नोट सापडल्याची कुणालाच नको.

त्यानंतर मी मुलांना चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगायची माझी पद्धत बदलली. लूकच्या शुभवर्तमानातली ही गोष्ट तुम्हीही कुठंतरी ऐकली असेल. वाटेत लुटारूंनी एकाला मारून टाकलेलं असतं, देवळातला याजक बघून पुढे जातो, लेवीही जातो, आणि शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, उतारशाळेत नेऊन पदरचे पैसे देतो. आपण मुलांना सांगतो, "बघा, असं दुसऱ्याला मदत करावी." पण येशूच्या काळी यहुदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानल्यासारखेच वागत, हे सांगायचं आपण विसरतो. ज्याला आपण कमी लेखतो तोच आपल्यापेक्षा मोठ्या मनाचा निघाला, ही त्या गोष्टीतली खरी टोचणी आहे. म्हणून आता मी नातवाला विचारते, "आपल्या गल्लीत आपण शोमरोनी कुणाला समजतो रे?" उत्तरं कधीकधी कान लाल करणारी असतात.

या बाबतीत मला आधार वाटतो तो लक्ष्मीबाई टिळकांचा. त्यांची 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी अनेकींनी वाचली असतील. नसतील तर जरूर वाचा, धर्म बाजूला ठेवूनही. १९३४ पासून ती भागाभागानं प्रसिद्ध झाली. माहेरी वडिलांचं सोवळं असं विलक्षण, की घरातली माणसं जेरीस यायची. १८९५ साली पतीनं, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या कोसळल्याच. पुढे पुन्हा एकत्र राहू लागल्या तरी आपलं पाणी, आपला स्वयंपाक वेगळा. आणि मग एक दिवस, कुणी जबरदस्ती केली म्हणून नव्हे तर स्वतःच विचार करकरून, त्यांना पटलं की माणसामाणसांतला हा भेद देवानं केलेला नाही. भेद आधी गेला, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. पुढे त्यांच्या घरात पोटच्या मुलाबरोबर पोरकी मुलंही वाढली. मला वाटतं, टिळकांच्या मुलाला दयेवर वेगळं प्रवचन लागलं नसेल.

आणि आपण? घरात येशूची तसबीर असते, आणि मोरीवरच्या फळीवर कामवालीचा कानतुटका कप वेगळा ठेवलेला असतो. आमच्याकडेही होता. त्या आठवड्यात मी तो फेकून दिला.

आता थोडं रोजच्या व्यवहाराचं. कारण मघाची सूनबाई म्हणेल, काकू, हे ठीक, पण संध्याकाळी मी करू काय?

प्रार्थना लहान ठेवा. पाच मिनिटं पुष्कळ झाली. वडीलमंडळी अर्धा तास डोळे मिटून बसली की मुलं चिमटे काढतात, मग त्यांना रट्टे बसतात, आणि देवाची आठवण म्हणजे पाठीवरचा धपाटा असं त्यांच्या मनात बसतं. गीत मुलांना निवडू द्या. नारायण वामन टिळकांची अभंगाच्या चालीवरची गीतं मुलांना पटकन येतात, आणि आजीलाही आपली वाटतात. रोज एका बाहेरच्या माणसाचं नाव प्रार्थनेत मुलानं सुचवायचं, असा आम्ही नियम केला. दूधवाला, आजारी पडलेला वर्गमित्र, कधी एकदा गल्लीतलं लंगडं कुत्रं! हसू नका, घ्या तेही.

"देव बघतोय, शिक्षा करील" हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करा. देवाला पोलीस केला की मूल चोरून वागायला शिकतं, दुसरं काही शिकत नाही.

एक गोष्ट मी मिझोराममधल्या बायकांकडून उचलली. तिथल्या ख्रिस्ती घरांत १९१० सालापासून अशी रीत आहे, की स्वयंपाकाचा तांदूळ काढला की त्यातला एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकायचा. त्याला ते 'बुहफाई थम' म्हणतात. हे तांदूळ चर्चकडे जमा होतात, विकले जातात आणि त्यातून मंडळीची कामं चालतात. आम्हीही एक डबा ठेवला. मूठ टाकायचं काम मुलांचं. पहिल्याच आठवड्यात भांडण, "तिची मूठ लहान, मग माझ्याच वाट्याला जास्त का?" पण महिनाअखेर तो डबा घेऊन एका एकट्या आजीबाईंकडे मुलं जात तेव्हा ती आईनं पाठवलेलं नव्हे, आपलं देत असत. जुने फाटके कपडे आणि मोडकी खेळणी देऊन दया शिकवता येत नाही. त्यानं फक्त कपाट रिकामं होतं.

दया बाहेर द्यायची, तशी कधी आपल्यावरही वेळ येते. माझी मुलगी दुसरीत असताना रडत घरी आली. कुणीतरी तिला 'बाटगी' म्हटलं होतं. माझं डोकं भणाणलं. पण तिच्यासमोर मी त्या मुलीच्या घराण्याचा उद्धार केला असता, तर दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं तेच केलं असतं. आम्ही दोघी त्या मुलीच्या आईकडे गेलो, हळद-मीठ मागायला जावं तसं सहज. बोलून घेतलं. सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. ती आई थोडी अवघडलीच. पण मुली पुढे बरोबर शाळेला जाऊ लागल्या.

उलट बाजूही सांगायला हवी. गणपतीत शेजारी आरतीला बोलावतात. प्रसाद घ्यावा की नाही, यावर आम्हा ख्रिस्ती लोकांत घरोघर निराळी मतं आहेत आणि त्यावर इथं वाद नको. मुलांना मी एवढंच सांगत आले, की घ्यायचा नसेल तर नम्रपणे सांगा, नाक मुरडू नका, आणि घरी येऊन दुसऱ्याच्या देवाची थट्टा करायची नाही. ज्याला शेजाऱ्याची श्रद्धा हसण्याजोगी वाटते, त्याला स्वतःची तरी किती कळलीय, याची मला शंकाच येते.

त्या वर्षीच्या नाताळाचं सांगायचं राहिलं. फराळ झाला, करंज्या, शंकरपाळे, अनारसे. शेजारी ताटं गेली. मुलगा म्हणाला, "मावशींचं ताट?" खरं सांगते, माझा हात अडखळला. लुगड्याचा तो जुना विचार आठवला. हेही तसंच तर नाही ना? पण क्षमा मागून झाली होती, आणि शेजाऱ्यांना देतो तेच, तेवढंच, तशाच क्रोशाच्या रुमालाखाली झाकून दिलं. मुलगा सायकलवरून नदीपलीकडे एकटाच गेला.

तासाभरानं परत आला. ताट रिकामं पाठवायचं नाही म्हणून बाईंनी त्यात पसाभर भुईमुगाच्या शेंगा घातल्या होत्या, आणि त्यांच्या मुलीनं गणिताची वही दिली होती. तिला अपूर्णांक येत नव्हते. दोघं सुट्टीभर आमच्या ओट्यावर बसून ते सोडवत होती.