'बुजणे' आणि 'मलूल होणे'

आचरा येथील 'गावपळणी'त ग्रामस्थ दर काही वर्षांनी गुरे, कुत्री, कोंबड्या यांसह 3 दिवस वेशीबाहेर राहतात. तेथे कुत्र्याचे स्थळ बदलते, माणसे तीच राहतात. नव्याने घरी आणलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र दोन्ही बदलतात. ते अन्नास शिवेनासे झाले, की पाळणारा चिंतित होतो. येथे मराठीतील एक अर्थभेद उपयोगी पडतो. 'बुजणे' या क्रियेस बाह्य कारण असते. ते ओसरले, की कुत्रे रुळते. 'मलूल' हे विशेषण आंतरिक क्षीणता दर्शविते. तथापि पार्व्हो विषाणूची लक्षणे संसर्गानंतर साधारणतः 3 ते 7 दिवसांनी, म्हणजे पुष्कळदा रुळण्याच्याच काळात, प्रकट होतात. म्हणून वांती, रक्तमिश्रित जुलाब किंवा मलूलपणा दिसताच तो बुजरेपणा न मानता पशुवैद्याकडे जाणे श्रेयस्कर होय.