तोरणमाळ
महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातील एक थंड हवेचे ठिकाण. सातपुड्याच्या पश्चिम भागातील एका पठारावर, अक्राणी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सु. १,१५० मी. उंचीवर ते वसले आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी हा प्रदेश धुळे जिल्ह्यात मोडत असे. शहाद्याहून वळणावळणाच्या घाटरस्त्याने येथे जाता येते.

येथील सौम्य हवामानाचे कारण मुख्यत्वे उंची हेच होय. तापीकाठचे मैदान पठाराहून सु. ९५० मी. खाली आहे. दर किलोमीटर उंचीमागे तापमान सरासरीने ६ ते ६.५ से. उतरते, या हिशेबाने पठारावरील हवा मैदानापेक्षा सु. ६ से.नी थंड असते. एप्रिल-मेमध्ये नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या मैदानी गावांत उन्हाच्या झळा असह्य होतात, त्या वेळी येथील संध्याकाळ सुखद असते. हिवाळ्यात मात्र कडाक्याची थंडी पडते. काही वर्षी पहाटे गवतावरील दवबिंदू गोठल्याचेही आढळले आहे.

पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वराच्या मानाने तो पुष्कळच कमी. तरी पठार त्या काळात दाट धुक्याने वेढलेले असते व सीताखाईच्या कड्यांवरून धबधबे कोसळतात. पावसाळ्यातील हे दृश्य विलोभनीय खरे, परंतु धुक्यामुळे दऱ्या अनेकदा दिसतच नाहीत आणि घाटात दरडी कोसळण्याचा धोका असतो. म्हणून सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ भेटीस सर्वांत उत्तम. ओढे वाहते असतात, यशवंत तलाव भरलेला असतो, आकाश निवळते व दूरवरच्या डोंगररांगा स्पष्ट दिसतात. पुढे फेब्रुवारीपर्यंतचे दिवसही प्रवासास सोयीचे, मात्र पुरेसे गरम कपडे बरोबर हवेत. महाशिवरात्रीस येथील गोरखनाथ मंदिरापाशी मोठी यात्रा भरते. निवांतपणा हवा असणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत.

हा पाऊस पठारावर व त्याच्या उतारांवर फार टिकत नाही. बेसाल्ट खडकावरील मातीचा थर पातळ व उतार तीव्र असल्याने पाणी दक्षिणेस तापीकडे आणि उत्तरेस नर्मदेकडे वेगाने वाहून जाते. भिल्ल व पावरा आदिवासींची ज्वारी-मक्याची शेती बहुतांशी पावसावरच अवलंबून असते. खरिपाची कापणी आटोपली की सातपुड्यातील पाड्यांवरची अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत स्थलांतर करतात. पर्यटकास जे महिने सर्वांत रम्य वाटतात, त्याच महिन्यांत पुष्कळ घरांना कुलूप असते आणि मुलांची शाळाही अनेकदा सुटते. होळी हा येथील सर्वांत मोठा सण. त्यासाठी बाहेर गेलेली माणसे शक्य तेथवर गावी परततात. ती पाहावयाची असल्यास फाल्गुनातच यावे.

उन्हाळ्यात उतारांवरील पाड्यांना झिऱ्यांतून थेंबथेंब पाणी भरावे लागते. त्याच दिवसांत कैऱ्यांच्या फोडी उन्हात वाळवून आमचूर तयार करण्याचे काम घरोघरी चालते. त्यास कडक, कोरडे ऊन लागते. वळवाचा पाऊस पठारावर आलेल्या प्रवाशास आल्हाददायक वाटला, तरी अंगणात पसरलेल्या फोडी त्याने काळ्या पडतात व मालाची किंमत उतरते.