हेडफोन : भय लहरींचे की ध्वनीचे?

ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसरातील वैद्यांना व औषधविक्रेत्यांना 'हेडफोनच्या विद्युतचुंबकीय लहरींनी अपाय होतो काय?' अशी पृच्छा केली जाते. २०११ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना 'संभाव्य कर्करोगकारक' गटात ठेवले. तथापि त्यास मुख्य आधार मोबाईल कानाशी धरण्याविषयीच्या अभ्यासांचा होता. ब्लूटूथ हेडफोनची उत्सर्जनशक्ती सामान्यतः २.५ मिलिवॅटपर्यंत, म्हणजे मोबाईलच्या कमाल शक्तीचा अल्पांश असते.

खरा धोका ध्वनीचा आहे. लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढविला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल ध्वनी आठवड्यास ४० तास, तर ९० डेसिबल केवळ ४ तास ऐकणे सुरक्षित होय. कल्याणहून मुंबईस येता-जाता रोज दोन तास ९० डेसिबलने ऐकणाऱ्याची ही मर्यादा दोन दिवसांतच संपते. चरकसंहितेत वर्णिलेला शब्दाचा अतियोग तो हाच.

अंतःकर्णातील नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून कर्णनाद वा बाधिर्याच्या रुग्णास श्रवणाचा काळ व आवाजाची पातळी अवश्य विचारावी; निदानपरिवर्जन हीच येथे प्रथम चिकित्सा. कानाच्या पडद्यास छिद्र असल्यास कर्णपूरण टाळावे. बाधिर्य अकस्मात आल्यास रुग्णास विनाविलंब कर्णतज्ज्ञाकडे पाठवावे. औषधविक्रेत्यांनीही कोणतेही तेल 'लहरीरोधक' म्हणून विकू नये.