धर्माचा रकाना, जातीचा दाखला आणि एक्सेलमधली चौकट

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक लोकांची नोंद बौद्ध म्हणून झाली. धर्माच्या रकान्यात काय लिहिलं जातं, याचं मोल आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. आज हाच रकाना विहार समित्या, महिला बचत गट आणि तरुण मंडळांच्या एक्सेल शीटमध्येही असतो. शिष्यवृत्ती, दाखले, घरकुल यांसाठी वस्तीची यादी करताना उत्तर भरण्याची सोय कोणती ठेवायची, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण कोण मोजलं जाईल आणि कोण सुटेल, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

रकाना मोकळा ठेवला, तर कुणी 'बौद्ध' लिहितं, कुणी 'बौध्द', कुणी 'नवबौद्ध', कुणी 'बुद्धिस्ट'. संगणकाच्या लेखी हे चार वेगळे धर्म. काउंटइफ सूत्राला फक्त 'बौद्ध' मोजायला सांगितलं, तर बाकीची घरं बेरजेत येतच नाहीत. म्हणून जिथे एकच उत्तर हवं, तिथे ड्रॉपडाउन ठेवावा. डेटा मेनूतल्या डेटा व्हॅलिडेशनमध्ये 'लिस्ट' निवडली की तो तयार होतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. दुसरीकडची माहिती तिथे पेस्ट केली, तर हा नियम पुसला जाऊ शकतो. आणि आधीच भरलेल्या चुकीच्या नोंदी तो आपोआप पकडत नाही. त्यासाठी त्याच मेनूतलं 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' वापरावं.

धर्म आणि जात एकाच यादीत कोंबू नये. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. म्हणजे 'धर्म बौद्ध' आणि 'प्रवर्ग अनुसूचित जाती' ही दोन्ही उत्तरं एकाच माणसाची, एकाच वेळी खरी असतात. त्यांसाठी दोन रकाने, दोन ड्रॉपडाउन.

गोल बटणं, म्हणजे ऑप्शन बटणं, एका कुटुंबाच्या एका पानी अर्जासाठी ठीक. दोनशे घरांच्या यादीत ती अडचणीची ठरतात. ग्रुप बॉक्सने वेगळी केली नाहीत, तर फॉर्म कंट्रोलमधली एका शीटवरची सगळी बटणं एकच गट धरली जातात. शिवाय जोडलेल्या सेलमध्ये उत्तराचा शब्द येत नाही, फक्त त्याचा क्रमांक येतो.

चेकबॉक्स सगळ्यांना आवडतो, कारण टिक केली की काम झालं. आधार, रेशनकार्ड, बँक खातं अशी एकाच वेळी अनेक उत्तरं असतील, तर तो उपयोगी आहे. पण रिकामी चौकट काय सांगते? 'नाही' की 'विचारलंच नाही'? जातीचा दाखला नसलेली विद्यार्थिनी आणि त्या दिवशी कुलूप असलेलं घर, यादीत दोन्ही सारखीच दिसतात. मग पुन्हा कुणाकडे जायचं हे कळत नाही, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत निघून जाते. म्हणून दाखल्यांसाठी आम्ही चार पर्यायांचा ड्रॉपडाउन सुचवतो: 'आहे', 'नाही', 'अर्ज केला आहे', 'विचारलं नाही'.

एक्सेलच्या डेव्हलपर मेनूत फॉर्म कंट्रोल आणि अ‍ॅक्टिव्हएक्स असे दोन प्रकार दिसतात. अ‍ॅक्टिव्हएक्स टाळावं. ते विंडोजपुरतं आहे, मॅकवर आणि गुगल शीट्समध्ये चालत नाही, आणि नव्या आवृत्त्यांत सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेलं असतं. आपले कार्यकर्ते माहिती भरतात मोबाइलवर. तिथे फॉर्म कंट्रोलचाही भरवसा नाही. डेटा व्हॅलिडेशनचा ड्रॉपडाउन मात्र चालतो.

शेवटी, ड्रॉपडाउनमध्ये कोणते पर्याय असावेत, हे संगणकासमोर बसलेल्या एकट्याने ठरवू नये. वस्तीच्या बैठकीत यादी वाचून दाखवावी, 'सांगायचं नाही' हा पर्याय ठेवावा आणि उत्तर कुटुंबाच्या तोंडूनच घ्यावं. आडनाव ऐकून धर्म किंवा जात भरण्याची सवय आपल्या शीटमध्ये तरी येऊ देऊ नये. आपली ओळख आपण सांगायची, हा हक्क मोठ्या संघर्षातून मिळाला आहे. चौकट आखतानाही तो पाळला गेला पाहिजे.