रोमचे पँथिऑन : घुमटात उतरलेले आकाश

रोमला जाणारा प्रवासी कलोसियमच्या भव्यतेने आधीच दिपून गेलेला असतो. तथापि जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांतून वाट काढीत असता जी वास्तू एकाएकी समोर उभी ठाकते आणि पाऊल जागच्या जागी खिळवते, ती म्हणजे पँथिऑन. सम्राट हेड्रियनच्या अमदानीत, इ. स. १२६च्या सुमारास, ती पूर्ण झाली. दर्शनी भागावर नाव मात्र कोरलेले आहे ते याच जागी पूर्वीचे मंदिर बांधणाऱ्या अग्रिप्पाचे.

घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर आणि जमिनीपासूनची उंचीही तितकीच. लोखंडी सळयांवाचून उभारलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट आजही जगात दुसरा नाही. पायथ्याशी जड दगडाची खडी आणि शिखराकडे ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड, अशा योजनेने कारागिरांनी त्याचा भार हलका केला. माथ्यावरील वर्तुळाकार गवाक्ष सदैव उघडे असते. त्यातून उतरणारा कवडसा दिवसभर भिंतींवरून सरकत राहतो, आणि पाऊस आलाच तर किंचित फुगीर फरशीतील छिद्रांवाटे पाणी निघून जाते. ६०९ साली या मंदिराचे चर्च झाले. चित्रकार राफाएल येथेच चिरनिद्रा घेत आहे.

२०२३पासून पर्यटकांना प्रवेशासाठी तिकीट काढावे लागते. जाल तेव्हा छायाचित्राची घाई न करता, पाच मिनिटे तरी मान वर करून स्वस्थ उभे राहा.