रानओळख : तीन कुड्यांचा घोळ

वैशाखात नेरडीगोंड्याहून कुंतला धबधब्याकडे वळलं की सागवान निष्पर्ण उभं असतं आणि त्याच्या आसऱ्यानं पांढऱ्या फुलांनी लगडलेली झुडपं दिसतात. 'कुडा फुललाय', असं पैनगंगेच्या दोन्ही काठांवरची मराठी माणसं सहज म्हणून जातात. पण आदिलाबादच्या या पानगळीच्या रानात कुडे तीन आहेत, आणि आमांशाच्या औषधाचा त्यातला एकच.

पांढरा कुडा म्हणजे होलारिना प्युबेसेन्स. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया आणि तांबडा कुडा म्हणजे राइटिया अर्बोरिया. तिन्ही कण्हेरीच्या कुळातले. तिन्हींची पानं समोरासमोर, पान खुडलं की पांढरा चीक, बियांना रेशमी म्हातारी. मोकळं वाढू दिलं तर तिन्हींचे लहान वृक्ष होतात. पण तोड आणि चराई असलेल्या रानात झुडपंच जास्त दिसतात. लांबून पाहून ओळख सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

फूल हातात घ्यावं आणि बरोबर मधोमध पाहावं. पांढऱ्या कुड्याच्या पाच पाकळ्यांखाली बारीक नळी असते आणि तिचं तोंड मोकळं असतं. पुंकेसर आत तळाशी दडलेले, वरून दिसतच नाहीत. काळ्या कुड्याचं फूलही पांढरं आणि सुवासिक, पण त्याच्या मध्यभागी पांढऱ्या तंतूंची झालर असते आणि त्या झालरीतून पुंकेसरांचा टोकदार शंकू बाहेर डोकावतो. झालर दिसली की तो राइटिया, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. तांबड्या कुड्याला तर पांढरा म्हणताच येत नाही : पाकळ्या पिवळसर हिरवट, मधली झालर नारिंगी छटेची. त्याच्या पानांवरून बोट फिरवलं तर मखमली लव लागते. काळ्या कुड्याचं पान गुळगुळीत असतं आणि वाळताना काळं पडतं.

एवढी बारकाई हवी, कारण प्रश्न औषधाचा आहे. आयुर्वेदातला कुटज म्हणजे पांढरा कुडा. आमांशावरच्या कुटजारिष्टात त्याचीच साल लागते; तिच्यात कोनेसिनसारखी अल्कलॉइडं असतात. बाजारात मात्र या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळलेली आढळते. बियांचंही तसंच : पांढऱ्याचे ते कडू इंद्रजव, काळ्याचे ते गोडे. सोलून वाळवलेल्या सालीला ना फूल असतं ना पान. ओळख पटवायची ती झाड उभं असतानाच, कोयता लावण्याआधी. आणि खोडाची साल भोवतालून पूर्ण सोलली तर झाड मरतं. चुकीचं झाड असं मारणं हे दुहेरी नुकसान आहे.

हा घोळ शास्त्रज्ञांनाही चुकला नाही. लिनियसनं 1753 मध्ये नेरियम अँटिडिसेंटेरिकम हे नाव दिलं. त्यामागची वनस्पती सिंहलद्वीपातली होती आणि आज ती राइटियात मोडते. पण नावातच आमांशाचा उल्लेख असल्यानं ते विशेषण दीर्घकाळ आपल्या औषधी होलारिनाला चिकटून राहिलं. जुन्या पुस्तकांत होलारिना अँटिडिसेंटेरिका असं वाचायला मिळालं, तर तो आपला पांढरा कुडाच समजावा.

काळ्या कुड्याला नकली म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याच्या पानांतून नीळ मिळते हे नोंदवलं होतं. दक्षिणेत सिद्धवैद्य त्याची पानं खोबरेल तेलात भिजवून उन्हात ठेवतात आणि ते तेल त्वचारोगांवर देतात. चन्नपट्टणची खेळणी याच्याच गुळगुळीत, फिकट लाकडाची. (निर्मलची प्रसिद्ध खेळणी मात्र पोनिकी या वेगळ्याच झाडाच्या लाकडाची; 2016च्या जिल्हा-विभाजनापर्यंत निर्मल आदिलाबाद जिल्ह्यातच होतं.)

फुलं संपली की शेंगा पाहाव्यात. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीनं, बारीक, लांब आणि एकमेकींपासून सुट्या लोंबतात. काळ्याच्या जोडशेंगा कोवळेपणी टोकाशी चिकटलेल्या असतात आणि पुढे सुटतात. तांबड्याच्या दोन्ही शेंगा पिकेपर्यंत एकजीव. त्या जाड गोल कांडीवर फक्त खाच दिसते आणि अंगभर खरखरीत ठिपके. पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबा जत्रेला निघालेल्यांना वाटेवर तडकू लागलेल्या शेंगा सापडतील. त्या उघडून म्हातारीची दिशा पाहावी : होलारिनाच्या बीचा झुबका शेंगेच्या टोकाकडे असतो, राइटियाचा देठाकडे.