भिंतीवरील लेखनाची नावे

२०१४ साली लिस्बन विद्यापीठाच्या ललितकला-शाखेत ‘स्ट्रीट आर्ट अँड अर्बन क्रिएटिव्हिटी’ ह्या नावाची आंतरराष्ट्रीय परिषद भरविण्यात आली. त्यानंतरही ती तेथे भरत राहिली, आणि २०१५ पासून त्याच नावाचे एक संशोधनपर नियतकालिक निघू लागले. कलेचा इतिहास, नगररचना, समाजशास्त्र, विधी अशा भिन्न शाखांतील अभ्यासक एका विषयाभोवती जमले म्हणजे पहिली अडचण उभी राहते ती परिभाषेची. परिषदेच्या नावात एका विषयासाठी दोन संज्ञा योजिल्या आहेत. आणि ‘ग्राफिटी’ ही सर्वांत जुनी व सर्वांत परिचित संज्ञा त्या नावात नाही. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु भिंतीवरील कृतीला कोणते नाव मिळते, ह्यावर तिच्या कर्त्याला शिक्षा व्हावयाची की मानधन मिळावयाचे हे पुष्कळदा ठरत असते. म्हणून तिचा थोडा विस्ताराने विचार करणे अवश्य आहे.

‘ग्राफिटी’ हे इटालियन अनेकवचन. ‘ग्राफितो’ हे त्याचे एकवचन. ओरखडणे ह्या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचे नाते आहे, आणि मराठीतील ‘ओरखडा’ हा शब्द त्याच्या मूळ अर्थाच्या अगदी जवळ जातो. विद्वानांच्या लेखनात त्याचा प्रसार झाला तो पाँपेईच्या उत्खननामुळे. तेथील भिंतींवर टोकदार साधनाने कोरलेल्या मजकुराचा राफाएले गारुच्ची ह्यांनी केलेला संग्रह १८५६ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाला, तो ह्याच नावाने. १८७१ साली कार्ल त्सांगेमाइस्टर ह्यांनी लॅटिन लेखांच्या महासंग्रहाचा चौथा खंड संपादिला, त्यास मात्र ‘भित्तिलेख’ ह्या अर्थाचे व्यापक लॅटिन शीर्षक दिले आणि त्यात रंगविलेले लेख व ओरखडलेले लेख पृथक् ठेवले. लेख कोणत्या साधनाने लिहिला, एवढाच निकष येथे होता. तो सुंदर की कुरूप, मालकाच्या संमतीने लिहिलेला की चोरून, हा प्रश्न संपादकांपुढे नव्हता.

तो प्रश्न उद्भवला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथील तरुण मुले जाड शाईच्या लेखण्यांनी व फवाऱ्याच्या रंगांनी आपली टोपणनावे भिंतींवर व आगगाड्यांवर लिहू लागली. ‘टाकी १८३’ अशी सही करणाऱ्या मुलाविषयी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जुलै १९७१ मध्ये वृत्त दिले. ही मुले स्वतःस ‘रायटर’ म्हणजे लिहिणारे म्हणवीत. ‘ग्राफिटी’ हे नाव त्यांस बाहेरून चिकटले. वस्तुतः त्यांच्या कृतीत ओरखडणे मुळीच नव्हते. शब्दाचा मूळ अर्थ गळाला आणि ‘अनधिकृत’ हा नवा अर्थ त्यात शिरला. पुढे रूढ झालेल्या ‘स्ट्रीट आर्ट’ ह्या संज्ञेत अक्षरापेक्षा चित्रास आणि जाणत्या मंडळीपेक्षा वाटसरूस अधिक स्थान आहे. शिवाय ‘कला’ हा शब्द योजताक्षणीच निकाल दिला गेलेला असतो. एक नाव आरोपीचे व दुसरे मानकऱ्याचे, अशी ही वाटणी होय.

ह्या वाटणीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण लिस्बनच्याच भाषेत, परंतु अटलांटिकच्या पलीकडे, ब्राझीलमध्ये सापडते. तेथे ‘ग्राफिती’ म्हणजे रंगीत चित्र, आणि ‘पिशासांव’ म्हणजे साओ पाउलोच्या उंच इमारतींवर जीव धोक्यात घालून लिहिली जाणारी काळी, कोनदार, उभट अक्षरे. दुसरा शब्द ‘पिशी’ म्हणजे डांबर ह्यावरून आला आहे. मराठीत डांबर फासण्याचा जो भाव आहे तो त्यास लागलेलाच आहे. पर्यावरणविषयक अपराधांच्या १९९८ च्या कायद्यात दोन्ही क्रियापदे शेजारी शेजारी होती व दोहोंस शिक्षा एकच होती. २०११ च्या दुरुस्तीने त्यांपैकी एक क्रियापद वगळले. मालकाच्या संमतीने व वास्तूची शोभा वाढविण्याच्या हेतूने केलेली ‘ग्राफिती’ हा अपराध नव्हे असे ठरले. ‘पिशासांव’साठी तीन महिने ते एक वर्ष कैद व दंड कायम राहिला. रंग तोच, भिंती त्याच आणि पुष्कळदा हातही तेच.

लिहिणाऱ्यांनी ह्याला दिलेले उत्तर भाषाभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. कोशातील लेखन ‘सी’ व ‘एच’ ह्या रोमन अक्षरांनी होते. हे लोक मात्र त्या जागी ‘एक्स’ लिहितात. उच्चारात तिळमात्र फरक पडत नाही; फरक पडतो तो केवळ डोळ्यांना. कायद्याचा शब्द एक आणि आमचा शब्द दुसरा, हे ते एका अक्षराने सांगतात. २००८ साली ह्यांतील काही जणांनी साओ पाउलोच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनाच्या रिकाम्या ठेवलेल्या मजल्यावर घुसून लेखन केले, तेव्हा एका तरुणीला पन्नासहून अधिक दिवस कोठडीत काढावे लागले. पुढच्याच, २०१० च्या, प्रदर्शनात त्या लेखनपद्धतीस निमंत्रणपूर्वक स्थान देण्यात आले.

ही पार्श्वभूमी लक्षात घेता ‘अर्बन क्रिएटिव्हिटी’ ही ऐसपैस संज्ञा परिषदेने का स्वीकारली हे उमगते. तीत चित्र, सही, चिकटपत्र, साचा सारे काही सामावते आणि आधीच निवाडा द्यावा लागत नाही. तथापि ती सर्वस्वी तटस्थ आहे असे मात्र म्हणवत नाही. ‘सर्जनशीलता’ हा शब्द नगरपालिकांना व पर्यटन खात्यांना प्रिय आहे. ज्या काळ्या सहीत त्यांस काहीच सर्जन दिसत नाही ती ह्या नावाखाली सुखाने राहील ही शंकाच आहे. वर्णनाचा आरंभ लिहिणाऱ्यांच्या स्वतःच्या शब्दांपासून करणे हा मार्ग अधिक कष्टाचा, परंतु अधिक भरवशाचा होय. मराठीत तर पेच दुहेरी आहे. ‘भित्तिचित्र’ म्हटले की अजिंठा डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि महाराष्ट्राच्या १९९५ च्या मालमत्ताविषयक कायद्याचा ‘विद्रूपण’ हा शब्द घ्यावा तर निकाल आधीच लागतो. त्या मानाने जुना ‘भित्तिलेख’ बरा. त्यात ना स्तुती, ना फिर्याद.

लिस्बनमध्येही कायदा परिषदेच्या आधी येऊन ठेपला होता. तेथील नगरपालिकेने २००८ साली नागर कलेसाठी स्वतंत्र विभाग स्थापून भिंती मोकळ्या करून दिल्या. २०१३ च्या ६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय कायद्याने अशा कृतींसाठी नगरपालिकेचा परवाना आवश्यक ठरविला. ह्या कायद्याच्या शीर्षकात ‘ग्राफितो’च्या बरोबरीने टोचे मारणे ह्या अर्थाचाही एक शब्द आला आहे. त्याच देशाचा ‘विल्स’ ह्या नावाने ओळखला जाणारा कलावंत अलेशांद्रे फार्तो भिंतीचा गिलावा छिन्नीने व यंत्राने फोडून माणसांचे चेहरे कोरतो. व्युत्पत्तीच्या काटेकोर अर्थाने आजच्या नामवंतांत खरा ‘ग्राफितो’ त्याचाच. परंतु त्याला तसे क्वचितच कोणी म्हणते, त्याच्या कृतींस सर्वत्र ‘स्ट्रीट आर्ट’ असेच संबोधण्यात येते.